शंभरातले सहा

त्या वर्षी सांगली-मिरजेतली काही माणसं आपल्याला आणखी एक आजार निघावा म्हणून देवाला साकडं घालत होती.

पद्मजा चौगुले त्यांच्यातलीच एक. वय एकोणचाळीस. मिरजेतल्या एका खासगी प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. रक्ताच्या नळ्यांवर बारकोड लावायचे, नळ्या यंत्रात भरायच्या, निघालेले आकडे तपासून पुढं पाठवायचे, हे तिचं काम. नवव्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह झाला. रोगांशी लढायला शरीरात जी फौज असते, तिनंच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. तेव्हापासून तीस वर्षं इन्सुलिन बाहेरून घ्यायचं. दंडावर साखर मोजणारा सेन्सर, पोटावर पंप, आणि प्रत्येक घासाआधी मनातल्या मनात हिशेब.

तिचा नवरा भरतेश हाही टाइप वनचाच. तो सांगलीच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. दोघांची ओळख झाली ती पन्हाळ्यावर, मधुमेही तरुणांच्या शिबिरात. तीन दरवाजाच्या चढावर दोघांचे सेन्सर एकदमच वाजले, दोघांनी एकदमच खिशात हात घातला आणि साखरेच्या गोळ्या तोंडात टाकल्या. मग एकमेकांकडं बघून जे हसू फुटलं, ते लग्नापर्यंत थांबलं नाही. पद्मजाची आई म्हणाली होती, "एका घरात दोन दोन आजारी माणसं, कोण कुणाला बघणार?" पद्मजा म्हणाली, "दोघं दोघांना."

आणि तसंच झालं. भरतेश कृष्णेत पोहायला जायचा, तेव्हा ती घाटाच्या पायरीवर ग्लुकोजची पुडी घेऊन बसायची. तिची साखर झोपेत उतरली, तर तिच्याआधी तो जागा व्हायचा.

लग्नानंतर दोन वर्षांनी भरतेश वाळायला लागला. हिमोग्लोबिन आठावर आलं. इन्सुलिन तेवढंच, जेवण तेवढंच, तरी साखर कधी दणकन खाली यायची. तपासण्या झाल्या आणि कळलं, की त्याला सिलिअ‍ॅक आहे. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं, की याच्या शरीरातली तीच उतावळी फौज आतड्याच्या आतल्या थरावर तुटून पडायची. थर सपाट झाला, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

"सर्वसाधारण माणसांत हा आजार शंभरात एखाद्याला असतो," तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "टाइप वनवाल्यांत मात्र शंभरातल्या पाच-सहा जणांना. काही ठिकाणी त्याहून जास्त. कारण दोन्ही आजारांची दारं उघडणारी जनुकं बरीचशी तीच आहेत. आणि यातल्या अनेकांना काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही."

"म्हणजे मी शंभरातल्या सहांत आलो," भरतेश दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाला. "शाळेत कधी पहिल्या दहांत आलो नव्हतो."

घरी आल्यावर पद्मजानं कणकेचा डबा रिकामा केला, रव्याची बरणी शेजारी दिली, पोळपाट नवा आणला. भरतेश म्हणत होता, तू कशाला सोडतेस, तू खा की. ती म्हणाली, "तुझ्या ताटात नाही ते माझ्याही ताटात नाही." त्यानंतर अकरा वर्षं त्या घरात शाळू ज्वारीची भाकरी, तांदूळ आणि वरई. लग्नकार्यातही तिनं पुरीला हात लावला नाही. नात्यातल्या बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या आणि तिला ते आवडायचं.

*

मग डॉ. रेहाना पटवेगार आल्या. मूळच्या मिरजेच्याच, पंधरा वर्षं परदेशात काम करून परतलेल्या. त्यांच्या संशोधन केंद्रानं एक उपचार तयार केला होता आणि त्याची माहिती द्यायला त्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या टाइप वन रुग्णांना एका सभागृहात बोलावलं होतं. पद्मजा आणि भरतेश तिसऱ्या रांगेत होते.

"मधुमेहात आपली फौज स्वादुपिंडावर का चिडते, हे आपल्याला अजून नेमकं माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कारण माहीत नसेल, तर समजूत कशी घालणार? पण सिलिअ‍ॅकमध्ये कारण माहीत आहे. ग्लुटेन. आम्ही ग्लुटेनचे बारीक कण मेलेल्या रक्तपेशींसारख्या आवरणात गुंडाळतो आणि शिरेतून देतो. मेलेल्या पेशी शरीर रोजच गिळतं, त्यांच्यावर चिडत नाही. त्या आवरणातून आलेल्या ग्लुटेनवरही मग ते चिडत नाही. उलट फौजेतच काही पेशी तयार होतात, ज्या बाकीच्यांना सांगतात, की हा आपला आहे, सोडा."

"मग आमच्या शुगरचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"तेच सांगते. लहान आतड्याची सुरुवात आणि स्वादुपिंड शेजारी शेजारी आहेत. दोघांच्या फौजेचे निर्णय एकाच लसिका ग्रंथींत होतात. म्हणजे घरं दोन, पण चावडी एक. ग्लुटेनसाठी शांत केलेल्या पेशी त्या चावडीवर येऊन बसल्या, की शेजारच्या भांडणातल्या लोकांनाही शांत करतात. मग आम्ही दंडाच्या कातडीखाली प्रयोगशाळेत वाढवलेल्या इन्सुलिनच्या पेशी लावतो आणि त्या टिकतात. एकोणीस रुग्णांत टिकल्या आहेत. इन्सुलिन पूर्ण बंद."

डॉक्टरांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. पुढचं वाक्य त्यांना जड जात असावं.

"पण हे फक्त दोन्ही आजार असलेल्यांनाच लागू पडतं. ज्याला सिलिअ‍ॅक नाही, त्याच्या शरीरात ग्लुटेनवर चिडलेल्या पेशीच नसतात. शांत कुणाला करणार? आणि चावडीवर पाठवणार कुणाला?"

भरतेशनं पद्मजाचा हात धरला. तिनं तो दाबला, पण मान वळवून त्याच्याकडं बघणं मात्र तिला जमेना.

*

चारशे अकरा जणांनी तपासणीसाठी रक्त दिलं. नळ्या पद्मजाच्याच यंत्रात आल्या. स्वतःची नळीही तिनं स्वतःच भरली, एकशे अठ्ठावन्न नंबरची. उत्तर आलं तेव्हा ती खुर्चीतून उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन पुन्हा वाचलं. निगेटिव्ह.

एकूण सव्वीस जण पॉझिटिव्ह निघाले. शंभरात सहाच. उरलेल्यांचे चेहरे तिला खिडकीतून दिसत. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारी माणसं तिनं पहिल्यांदाच पाहिली. एक निवृत्त तलाठी कागद परत सरकवून म्हणाले, "बाई, अजून एकदा बघा की. असेल कुठंतरी थोडंसं."

भरतेशला नव्या तपासणीची गरजच नव्हती. त्याच्या आतड्याचा अकरा वर्षांपूर्वीचा अहवाल पुरेसा होता. पहिल्या बारा जणांत त्याचं नाव लागलं. तीन महिन्यांत शिरेतून पाच वेळा औषध गेलं, मग दंडात कातडीखाली त्या पेशींची एक चपटी चकती बसली. जूनमध्ये त्याचं इन्सुलिन निम्म्यावर आलं, ऑगस्टमध्ये बंद झालं. गणपतीच्या आधी सेन्सर काढला. जिथं वर्षानुवर्षं सेन्सर असायचा, तिथं दंडावर एक गोरा गोल उरला होता. पद्मजाला तो गोल बघवत नसे.

उपचाराची एक अट होती. आता त्यानं रोज गहू खायलाच हवा. किमान दोन चपात्या, न चुकता. "शांत केलेल्या पेशींना रोज आठवण लागते," डॉक्टरांनी बजावलं होतं. "आठवडाभर गहू पोटात गेला नाही, तर त्या विसरायला लागतील. मग दंडातल्या पेशींवर हल्ला होईल, आणि त्या मेल्या तर पुन्हा लावता येणार नाहीत."

अकरा वर्षांनी घरात कणीक आली. पद्मजा रोज सकाळी त्याच्यापुरत्या चपात्या लाटायची आणि स्वतःसाठी भाकरी थापायची. कणकेचा तो वास तिला नको झाला होता.

सासूबाईंनी खपली गव्हाची खीर केली. जैन रीतीप्रमाणे त्यांच्याकडं जेवण सूर्य मावळायच्या आत असे, त्यामुळं उजेडात सगळं लख्ख दिसत होतं. भरतेशनं वाटी तोंडाला लावली. मोजलं नाही, पंपाची कळ दाबली नाही, थांबला नाही. दुसरी वाटी. तिसरी. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"माझं लेकरू बरं झालं," त्या म्हणाल्या आणि मग पद्मजाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता तूही बरी हो बाई."

जणू ती बरी व्हायची राहिली होती, कारण तिनं मनावर घेतलं नव्हतं! पद्मजा हसली. त्याच वेळी तिचा सेन्सर वाजला. पूर्वी तो आवाज आला, की दोघंही आपापल्या दंडाकडं बघत. आता भरतेशनं मानही वर केली नाही.

पोहायला तो एकटाच जाऊ लागला. "तू कशाला उठतेस? झोप की निवांत," तो म्हणायचा. खरंच प्रेमानं म्हणायचा. पद्मजा पडून राहायची आणि त्याच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत ऐकायची.

एका संध्याकाळी दोघं विश्रामबागेतून चालत येत होते. बोलता बोलता तिची जीभ जड झाली, गुडघ्यातून जीव गेला. तिच्या पर्समधल्या गोळ्या संपल्या होत्या. तिनं त्याच्याकडं हात केला, कारण गेली पंधरा वर्षं त्याच्या खिशात गोळ्या असायच्याच. भरतेशनं खिसे चाचपले. मग तिला कट्ट्यावर बसवून तो धावत दुकानात गेला आणि गोड सरबताची बाटली घेऊन आला. तिनं ती संपवली, अंगाचा थरकाप थांबला.

"विसरलोच गं," तो म्हणाला. "आता लागत नाहीत ना."

"तुला लागत नाहीत," ती म्हणाली.

त्यानं दोनदा माफी मागितली. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची तीन पाकिटं आणली. पण पद्मजाच्या आत काहीतरी तेव्हाच कडू झालं होतं. तिला राग त्याच्या विसरण्याचा नव्हता. त्याला विसरता येतं, याचा होता. तीस वर्षांत तिला एक दिवसही विसरता आलं नव्हतं.

*

दुसऱ्या तुकडीची यादी तयार व्हायची होती. शंका असणाऱ्यांना एकदा फेरतपासणी करून घेता येणार होती.

पद्मजानं ते काम एका दुपारी, सहकारी जेवायला गेले असताना केलं. शीतपेटीत आधीचे नमुने जपून ठेवलेले होते. दोनशे सात नंबरच्या नमुन्यात सिलिअ‍ॅकची प्रतिपिंडं भरपूर होती. म्हणजे ग्लुटेनवर चिडलेल्या फौजेनं रक्तात सोडलेली खूण. कुणाचा नमुना ते तिला ठाऊक नव्हतं, तिनं बघितलंही नाही. त्यातले चार थेंब नव्या नळीत घेतले, नळीवर स्वतःचा बारकोड चिकटवला आणि यंत्राचं झाकण लावलं. यंत्राला काय, नळीत आहे ते सांगायचं, एवढंच कळतं. पाऊण तासानं पडद्यावर नाव आलं, पद्मजा भरतेश चौगुले, पॉझिटिव्ह.

उपचार तिला लागू पडणार नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण मनाचा एक कोपरा म्हणत होता, कुणी सांगावं, लागूही पडेल. आणि दुसरा त्याहून खालच्या आवाजात म्हणत होता, निदान यादीत तरी असेन.

भरतेशला तिनं रिपोर्ट दाखवला. त्यानं वाचला आणि तो तिथंच, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

"तुला सांगत नव्हतो," तो म्हणाला. "पाण्यात उतरलो, की काठाकडं बघवायचं नाही. वाटायचं, मी एकटाच पळून आलोय. आता सुटलो बघ."

ती त्याच्या केसांतून हात फिरवत उभी राहिली. इतकं वाईट तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि तरीही खरं सांगायला तोंड उघडलं नाही.

चार दिवसांनी डॉ. पटवेगारांनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर दोन्ही रिपोर्ट ठेवलेले होते.

"पद्मजा, तुम्ही शेवटचा गहू कधी खाल्लात?"

"अकरा वर्षं झाली. ह्यांचं पथ्य सुरू झालं तेव्हापासून."

"मधे कधी? चुकून?"

"नाही. कध्धी नाही." अभिमानानं सांगायची तिला सवयच झाली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग ही प्रतिपिंडं आली कुठून? ग्लुटेन पोटात जाणं थांबलं, की वर्षा-दोन वर्षांत रक्तातली ही खूण पुसली जाते. भरतेशचे आकडे पथ्यानंतर कसे उतरत गेले, ते तुम्हीच बघितलंय."

पद्मजानं बघितलं होतं. दर सहा महिन्यांनी बघितलं होतं. आकडा खाली आला, की त्याच्यासाठी तांदळाची खीरही केली होती. हेव्यानं माणूस आंधळा होतो, हे तिनं ऐकलं होतं. पण आपल्याच हातांनी अकरा वर्षं वाचलेली गोष्ट तो विसरायला लावतो, हे तिला त्या क्षणी कळलं.

"दोनशे सात," ती म्हणाली. "तो नमुना दोनशे सात नंबरचा आहे. माझा नाही."

डॉक्टरांनी तिचा दुसरा रिपोर्ट बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "तुमचं नाव घातलं, म्हणून एका बाईंना तिसऱ्या तुकडीत ढकलावं लागलं. जतला शिवणकाम करतात. तीन वर्षांची मुलगी आहे त्यांना. त्यांना आज फोन करून सांगते, की जागा आहे. आणि तुमच्या प्रयोगशाळेला कळवावं लागेल. ते मी टाळू शकत नाही."

"कळवा."

ती उठली. डॉक्टरांनी तिला थांबवलं. "अजून एक. तुमचा पहिला रिपोर्टही खोटाच आहे. निगेटिव्ह आला, कारण तुम्ही गहूच खात नव्हता. तेव्हा फॉर्ममध्ये हा प्रश्न नीट विचारला गेला नाही, ती चूक आमची. तुम्हाला सिलिअ‍ॅक आहे की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. आठ आठवडे रोज गहू खा. मग दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासू."

*

भरतेशला तिनं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. नमुना, शीतपेटी, जतच्या बाई, दुपारीच सहा महिन्यांसाठी गेलेलं काम.

"तुला माझा हेवा वाटत होता?" शेवटी त्यानं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"त्या सभागृहात तू हात धरलास, तेव्हापासून."

"मग सांगायचंस तरी."

"काय सांगायचं? तू बरा होतोयस ते मला बघवत नाही, असं? कुठली बायको असं बोलते?"

"मला बोलायचं होतंस," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. आधीच स्वच्छ असलेली गाडी.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तर तो कणीक मळत होता. पाणी जास्त झालं होतं, कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. "आठ आठवडे आहेत," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "आजपासून मोज."

पहिली चपाती वेडीवाकडी होती. पद्मजानं तिचा तुकडा तोंडात घातला. इतका मऊ, इतका गोड असतो गहू, हे ती विसरून गेली होती. तिला रडू आलं.

त्या आठ आठवड्यांत तिनं आपल्या पोटाकडं जितकं लक्ष दिलं, तितकं कुणी देवाकडंही देत नसेल. जरा गुरगुरलं, की तिला आशा वाटायची. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस जुलाब झाले आणि ती आनंदानं भरतेशला हाक मारत बाहेर आली. मग आठवलं, आदल्या दिवशी सासूबाईंनी बोरं पाठवली होती. चौथ्या आठवड्यात पोट फुगलं, पाचव्यात आपोआप बसलं. वजन दीड किलो वाढलं. चपाती अंगी लागत होती.

दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त दिलं. शंका नको म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडाही तपासला. थर अगदी निरोगी होता.

"निगेटिव्ह," डॉ. पटवेगार म्हणाल्या. "या वेळी खरं निगेटिव्ह. तुम्ही उरलेल्या चौऱ्याण्णवांत आहात, पद्मजा. तुमच्यासाठीही शोधतोय आम्ही. पण कधी, ते सांगता येणार नाही."

परतीच्या वाटेवर भरतेश गाडी चालवत होता. पद्मजानं रिपोर्टची घडी करून पर्समध्ये ठेवली.

*

गाडीच्या डिकीत पद्मजाला काही पुडकी सापडली ती पाच दिवसांनी. ती छत्री शोधत होती. चकचकीत कागदात बांधलेली पाच पुडकी, प्रत्येकात दोन चपात्या, पहिल्या दोन वाळून पापडासारख्या झालेल्या. शाळेच्या डब्यात ती रोज घालून द्यायची त्याच. गेले काही दिवस रात्रीच्या जेवणाला तो तिच्यासारखीच भाकरी मागत होता. "दुपारी खाल्ल्या की चपात्या," म्हणायचा.

म्हणजे पाच दिवस त्यानं गहू खाल्ला नव्हता. रिपोर्ट आला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

तिला लगेच कळलं, की तो काय करतोय. तो परत येत होता. तिच्याजवळ, आजारात, दोघांच्या त्या जुन्या बरोबरीत. आणि हे कळल्यावर तिला धक्का बसायला हवा होता, तिनं ओरडायला हवं होतं. तिनं पुडकी होती तशी ठेवली आणि डिकी बंद केली.

सहाव्या दिवशी रविवार होता, पण शाळेत सामने होते, तिनं डबा भरून दिला. सातव्या दिवशीही. संध्याकाळी शेजारी बसून दोघांनी भाकरी खाल्ली. ते अगदी पूर्वीसारखं होतं. ती मनात म्हणत होती, मी कुठं काय केलंय? त्यानंच ठरवलंय. उद्या विचारू. आणि उद्या झाला, की परवा.

आठव्या दिवशी तो शाळेतून आला आणि चपलाही न काढता माठाकडं गेला. एक तांब्या पाणी प्यायला. दुसरा. तिसरा अर्धा झाल्यावर त्यानं श्वास घेतला आणि भिंतीला टेकला. ऊन नव्हतं, तो धावूनही आला नव्हता.

पद्मजाला ती तहान ओळखीची होती. नऊ वर्षांची असताना वर्गातून उठून ती शाळेच्या नळाखाली तोंड धरून उभी राहायची, पोट दुखेपर्यंत प्यायची आणि तरी घसा कोरडाच. बाई ओरडायच्या, मुली हसायच्या. त्या तहानेतून एकदा बाहेर पडलेला माणूस तिच्यासाठी पुन्हा त्याच तहानेत उतरत होता. आणि ती तीन दिवस ते बघत बसली होती.

तिनं परात घेतली. कणीक मळली, तवा ठेवला. दोन चपात्या भाजून, तूप लावून त्याच्यासमोर ठेवल्या.

"खा."

"दुपारी खाल्ल्या की."

"डिकीत आठ पुडकी आहेत, भरतेश."

त्यानं मान खाली घातली. "मला नाही जमत गं," तो म्हणाला. "तू रोज टोचून घ्यायचं आणि मी खीर ओरपायची. मी सोडतो हे. परत दोघं सारखे होऊ. आधी काय वाईट होतं?"

"काही वाईट नव्हतं," ती म्हणाली. "आणि मलाही तेच हवं होतं. ती पुडकी मला तीन दिवसांपूर्वीच दिसली. मी गप्प बसले."

त्यानं वर बघितलं.

"मला बरं वाटत होतं," पद्मजा म्हणाली. "तू परत आजारी पडणार, म्हणून मला बरं वाटत होतं. ती नळी बदलली त्यापेक्षा हे वाईट आहे. तू माझ्यासाठी सोडत होतास आणि मी माझ्यासाठी तुला सोडू देत होते. असं प्रेम नको मला. तुझंही नको आणि माझंही नको."

"पण तुला हेवा वाटतच राहील."

"वाटेल. उद्याही वाटेल. तो माझा मी बघेन. तू आधी खा."

तो हललाच नाही. शेवटी तिनं चपातीचा तुकडा तोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं तो घेतला. चावता चावता तो तिच्याकडं बघत होता, जणू इतक्या वर्षांत ही बाई त्याला पहिल्यांदाच दिसत होती. दोन्ही चपात्या संपेपर्यंत ती समोरून उठली नाही. मग तिनंच डॉ. पटवेगारांना फोन लावला.

डॉक्टर त्याला आधी खूप बोलल्या आणि मग तपासलं. चकतीतल्या काही पेशी गेल्या होत्या. दोन वेळा औषध पुन्हा शिरेतून द्यावं लागलं. उरलेल्या पेशी टिकल्या. इन्सुलिन परत सुरू करावं लागलं नाही, पण तिसरी वाटी खीर मात्र बंद झाली.

शिक्षेचे सहा महिने संपल्यावर पद्मजा कामावर परत गेली. आता नळ्या भरताना तिच्याबरोबर दुसरं कुणीतरी सही करतं. एकदा जतच्या त्या बाई खिडकीशी आल्या, दंडावर तोच गोरा गोल. पद्मजानं त्यांना आपण कोण ते सांगितलं, माफी मागितली. "राग आला होता तुमचा," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या जागी असते तर मी काय केलं असतं, ते माझं मला माहीत." पद्मजाला त्यांचाही हेवा वाटला.

घरी आता एक नवी रीत पडली आहे. भरतेश पोहून आला, की ओल्या केसांनी स्वयंपाकघरात येतो. एका तव्यावर भाकरी आणि एकावर चपाती चालू असते.

"आज किती?" तो विचारतो.

"एकशे चाळीस."

"साखर नाही विचारली."

पद्मजा क्षणभर विचार करते. हेव्याचं आता ती खोटं सांगत नाही.

"आज जरा चढलाय," ती म्हणते आणि चपाती उलटते.